दहा पावलं मागं

थांबा, थांबा. हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. आत्ता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. मशीनवर स्टेन्सिल चढवलंय, साडेचार वाजलेत, सर सहाला क्लासचं कुलूप लावतात. स्टेन्सिलवर चुकलं तर पुसायचं लाल औषध सरांच्या कपाटात, कपाटाची चावी सरांच्या खिशात, आणि सर गेलेत चहाला. म्हणजे जे उमटंल ते उमटंल.

आमच्या टायपिंग क्लासचा चार पानांचा अंक निघतो हे तुमाला माहीतच आहे, तुमच्याच हातात आहे तो. ह्या वेळचा विषय, सुट्टीतला प्रवास. बाकीच्या पोरींनी वेरूळ लिहिलंय, माहूर लिहिलंय, एकीनं तर थेट मुंबई. मी ताडकळस लिहायलेय. हसू नका. परभणीहून एस्टीनं तासभराचं गाव, पण तिथल्या मेंढरांच्या तळावर आठ दिवस राहिलंय का तुमच्यापैकी कुणी? नाही ना? मग वाचा.

माझी धाकटी बहीण यशू इथंच शेजारच्या बाकावर पाय हलवीत बसलीय. दहा वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी गोवर आला आणि जाताना तिचे दोन्ही डोळे घेऊन गेला. मी काय टाइप करायलेय ते तिला दिसत नाही, पण मशीन थांबलं की लगेच म्हणती, "आक्का, का थांबलीस?" म्हणून थांबायची पण सोय नाही.

कशाला गेलो ते आधी

यशू शाळेत जाती. साध्याच शाळेत. बाई लय चांगल्या आहेत, पहिल्या बाकावर बसवतात, ऐकून ऐकून तिचे पाढे वर्गात सगळ्यांच्या पुढं आहेत. पण शाळेपर्यंत जायचं म्हणजे आमची गल्ली, मग नाल्यावरची फरशी, मग ऑटोंचा रस्ता. चार वर्षं झाली, मी तिचा हात धरून नेते आणि हात धरून आणते. मागच्या साली डी.एड.ला माझा नंबर लागला होता. नाही गेले. ह्या साली परत लागला, हॉस्टेलला राहावं लागणार. अण्णा गोदामात कामाला, सकाळी सातला जातात. आई शिलाई करती, मशीनवरनं उठली तर घर चालत नाही.

आई म्हणाली, "तू जा. यशू बसंल घरी."

यशू तिथंच शेंगा फोडत होती. तिच्या हातातली शेंग फुटली नाही. एवढंच झालं. पण आमी सगळ्यांनी ते बघितलं.

मग आल्या गयाबाई. दरवर्षी आमच्या गल्लीत घोंगड्या विकायला येतात, मेंढरंवाल्या. उंबऱ्यात बसून चहा पीत म्हणाल्या, "माझा सासरा धा वर्सं झालं आंधळा हाय. त्याला कुत्री फिरवती. तिची लेक बी तयार केलीया त्यानं, वरीसभर खपून. आता दोन दोन कुत्र्या काय करायच्यात त्याला? चांगल्या लेकराला द्यायचं म्हणतोय." अण्णांनी चार वेळा विचारलं, खरं का? गयाबाई म्हणाल्या, "येऊन बघा की."

ताडकळस, बाभळीखाली

मे महिना. अण्णांनी आमाला एस्टीत घातलं, स्वतः पण बसले. स्टँडच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा, एकीवर दुसरी, चुन्यानं पुसलेलीवर परत डांबरानं. आई निघताना सारखी म्हणत होती, वाटंत मोर्चाबिर्चा लागला तर उतरू नका. काही लागलं नाही. नुसतं ऊन लागलं.

गावाबाहेर एका शेतात मेंढरं बसवली होती. शेतकरी खतासाठी बसवून घेतात. बाभळीखाली तळ, तीन दगडांची चूल, भोवती जाळी, आणि वास! पहिला तासभर मी नाकाला ओढणी लावून होते. मग एका कोकरानं तीच ओढणी खायला घेतली, तेव्हा नाक मोकळं सोडावं लागलं. अर्धी ओढणी गेली. यशू हसून हसून खाली बसली.

मी पाण्याच्या घागरीपाशी जाऊन उभी राहिले, हात लावू का नको, असं. परक्या ठिकाणी आमची तशी सवयच आहे. गयाबाई भाकर थापत होत्या, वर न बघताच म्हणाल्या, "घे की वं! का दर खेपंला मी उठून वाढू?" अण्णा शेजारीच उभे होते. संध्याकाळच्या एस्टीनं ते एकदम हलक्या मनानं परत गेले.

लिंबाजी बाबा म्हणजे गयाबाईंचा सासरा. वाळका, उंच, डोक्याला लाल पटका. त्याच्या पायाशी काशी, म्हातारी काळी कुत्री, आणि थोडी लांब तिची लेक भिंगरी. तांबूस, एक कान उभा, एक पडलेला.

"पोरी, नाव काय तुझं?"

"यशोधरा."

"लय मोठं झालं. भिंगरीला एवढं न्हाई झेपायचं."

"मग यशू म्हणा."

"आन ही दुसरी कोण, पाय आपटत चालती ती?"

"ती आक्का."

"तिला म्हणावं हळू चाल. भिंगरी मेंढरू समजून वळवील तिला."

यशू परत हसली. मला तेव्हापासूनच थोडं टोचलं, खरं सांगते. एका दिवसात दोनदा, आणि दोन्ही वेळेस माझ्यावर.

तळावरची एक गोष्ट मला लय नवल वाटली. आमच्या घरी दिवसभर चालतं, यशू जपून, यशू दगड आहे, यशू तिकडं नको. इथं बाबाला कुणी म्हणजे कुणीच "जपून" म्हणत नव्हतं. पण बाबाची घागर रोज त्याच जागी, घोंगडी त्याच जागी, चूल त्याच जागी. गयाबाईंचा तवासुद्धा एक वीत इकडचा तिकडं होत नव्हता. आमची आई शिवणाचं मशीन दर आठवड्याला हलवती आणि मग यशूला म्हणती, जपून.

दांडी

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू. मेंढीच्या दुधाचा चहा, घट्ट, वर साय, आणि शिळं धपाटं. मग बाबानं यशूच्या डाव्या हातात एक दांडी दिली. हातभर लांब, बोरीची, घासून गुळगुळीत केलेली. दुसरं टोक भिंगरीच्या छातीला लोकरीच्या पट्ट्यानं बांधलेलं.

"आधी म्या दोरी बांधली व्हती," बाबा म्हणाला. "दोरी ढिली पडली की मुकी व्हती. दांडी ढिली पडत न्हाई. कुत्रीच्या अंगात जे व्हतं ते तुझ्या मुठीत येतं. मूठ घट्ट नको धरू. घट्ट मुठीला ऐकू येत न्हाई."

आता हे नीट वाचा, सगळं ह्याच्यावरच आहे.

रोज संध्याकाळी मेंढरं जाळीत आली की गयाबाई येऊन बाबाचा मोकळा हात धरायच्या आणि त्याला जेवायला बसवायच्या. हात धरला की काशीची दांडी सुटायची, आणि काशी राखणीला पळायची. दहा वर्षं रोज असंच. भिंगरी आईचं बघत तेच शिकली. म्हणून बाबानं यशूला सांगितलं, "डाव्या हातात दांडी, उजवा हात रिकामा. उजवा हात कुणी धरला की भिंगरीची सुट्टी. मग ती तुझी न्हाई, मेंढरांची. दांडीला एक हिसका देती आन जाती."

मग माझ्याकडं तोंड केलं. "आन तू. तू धा पावलं मागं. हात लावायचा न्हाई, आवाज द्यायचा न्हाई."

"आन पडली तर?"

"पडू दे. म्या काय पडलो न्हाई व्हय?"

पहिल्या दिवशी यशू पाच वेळा पडली. भिंगरी थांबायची, यशूला वाटायचं आडमुठेपणा करायलीय, ती दांडी पुढं ढकलायची आणि बांधावरनं कोसळायची. पाचव्यांदा गुडघा सोलला. मी धावले, तर बाबा तिथनं ओरडला, "धा पावलं!" त्याला दिसत नाही बरं का. माझ्या पायांचा आवाज.

यशू तशीच बसली, गुडघ्याला माती लावली. भिंगरीनं येऊन तिचं तोंड चाटलं. आणि यशू एकदम ओरडली, "आक्का! ती थांबती म्हणजे पुढं काहीतरी हाय! ती सांगायलीय!"

बाबाची नुसती मिशी हलली.

पाटाच्या कडेला

चौथ्या दिवसापासून आमी पाटाच्या रस्त्यानं जायला लागलो. पाटाला पाणी नव्हतं, तळाला चिखल वाळून भेगा पडलेल्या. यशू आणि भिंगरी पुढं, मी मागं. पुलापाशी भिंगरी थांबली, यशू थांबली, पायानं चाचपलं, उजवीकडं वळली. पूल पार. मी मोठ्यानं टाळी वाजवणार होते, तोंडात ओढणी कोंबली, उरलेली अर्धी.

आणि मग ती पळाली. खरंच. माझी बहीण जन्मात कधी पळाली नव्हती. कशी पळणार? मी सारखी हात धरलेली. तिच्या दोन्ही वेण्या उडत होत्या, तोंड वर, दात बाहेर, आणि भिंगरी शेजारनं दुडूदुडू. मी मागं राहिले, दहा नाही, चांगली शंभर पावलं.

दुपारी येसरची आमटी आणि ज्वारीची भाकर कुस्करून खाताना यशूची टकळी थांबेना. "आक्का, तुला सांगू? तू ना हात वढतीस. भिंगरी वढत न्हाई, ती सांगती."

गयाबाई हसल्या. मी पण हसले. चार वर्षं मी हिला नेलंय. पावसात छत्री हिच्यावर धरून मी भिजलेय. मागच्या साली हिच्यासाठी डी.एड. सोडलं. आणि काय, तर मी ओढते?

हे सगळं लिहायलेय कारण पुढं बाजारात झालं ते सांगताना नुसतं लोकांवर ढकललं असतं तर ते पण खोटं झालं असतं.

"आक्का, मशीन थांबलं," यशू म्हणाली आत्ता. "रिबन अडकली होती," म्हणाले मी.

ताडकळसचा बाजार

बाबाची अट अशी होती की आठव्या दिवशी, आठवडी बाजारात, यशूनं एस्टी स्टँडच्या बाजूनं निघायचं आणि भिंगरीबरोबर बाजार ओलांडून पार त्या टोकाला यायचं, जिथं गयाबाई घोंगड्या मांडून बसतात. बाबा पण तिथंच बसणार. आली तर भिंगरी आमची. त्याच संध्याकाळी परभणीला.

यशूनं सकाळी दोनदा वेणी घालून घेतली. "शाळेत पहिल्या दिवशी भिंगरीला बाहेर बसवायचं का वर्गात?" मला विचारलं. मी म्हणाले, बाईंना विचारू. डी.एड.ला जाताना पेटी कुठली न्यायची हे माझ्या पण डोक्यात सुरू झालं होतं.

निघालो. आंब्यांचे ढीग, कांद्याच्या पाट्या, भजी तळणारा, बांगड्यांवाल्या, सायकली, बैलगाड्या, भोंग्यावर ओरडत कुणीतरी दात काढून द्यायलाय. भिंगरी त्या सगळ्यातनं अशी वाट काढत होती की काय सांगू. सायकल आली, थांबली. गाडीचं जू आडवं आलं, वळसा. यशूचा चेहरा एकदम शांत, वर्गात पाढे म्हणताना असतो तसा. मी दहा पावलं मागं, मोजून.

आणि लोकांचं सुरू झालं.

"अगं बया! आंधळं लेकरू कुत्र्याच्या हाती दिलंय!"

"कोण हाय संगं?"

"ती काय, मागं. मोकळी फिरायलीय बघ, अर्धी ओढणी लावून."

"बहीण असंल का?"

"सख्खी तर नसंल."

एक आंबेवाला मला म्हणाला, "ताई, तुमचं लेकरू पुढं, तुमी मागं, आन कुत्रं मालक. भारी हाय!" आजूबाजूचे हसले. माझे कान गरम झाले. तरी मी चालत राहिले. निम्मा बाजार झाला. पलीकडं गयाबाईंच्या घोंगड्यांचा काळा ढीग दिसायला लागला, त्याच्या शेजारी लाल पटका. शंभर पावलं राहिली असतील, नाही तर तेवढी पण नाही.

तिथं मिरच्यांच्या पाटीपाशी एक म्हातारी बसली होती. यशू तिच्यासमोर थांबली, कारण भिंगरी थांबली, कारण पुढनं गाडी जायलीती. यशूचा उजवा हात, रिकामा, थोडा पुढं आलेला. म्हातारीनं कमरेची पिशवी उघडली आणि यशूच्या हातावर दहा पैसे ठेवले.

"घे वं लेकरा," म्हणाली. वाईट बोलली नाही. मायेनंच बोलली.

मला काय झालं मला कळलं नाही. दहा पावलं मी कशी ओलांडली ते पण आठवत नाही. मी ते नाणं उडवलं आणि यशूचा उजवा हात धरला. घट्ट. "भिकारी न्हाई ती!" असं ओरडले. "माझी बहीण हाय ती, शाळेत जाती!"

भिंगरीनं वर बघितलं. माझ्या हाताकडं. मग दांडीला एक हिसका दिला, यशूच्या सैल मुठीतनं दांडी सुटली, आणि भिंगरी गेली. बाजाराच्या कडेला शेरडं-मेंढरं विकायला आणलेली, तिकडं, शेपूट वर, दांडी मागं खडखडत. तिची सुट्टी झाली होती. तिला जसं शिकवलं तसंच तिनं केलं.

आता सगळ्यात वाईट. मला बाबाचा नियम आठवला, आणि मी यशूचा हात सोडला. दचकून, चटका बसल्यासारखा सोडला. तेवढ्यात तो आंबेवाला काहीतरी बोलला, मी त्याच्याशी भांडायला वळले, आणि यशू बाजाराच्या मधोमध एकटी. ना दांडी, ना हात. ती "भिंगरी, भिंगरी" करत दोन पावलं पुढं गेली आणि उभ्या गाडीच्या चाकावर आपटली. कपाळ फुटलं.

बाबानं विचारलं तेव्हा

दवाखान्यात दोन टाके पडले. यशू रडली नाही, डॉक्टरांना म्हणाली, "आता नुसता दोराच ना, सुई झाली का टोचून?" मग आमी घोंगड्यांपाशी आलो. तोपर्यंत गयाबाईंनी भिंगरीला पकडून आणलं होतं आणि अर्ध्या बाजारानं बाबाला येऊन सांगितलं होतं, कुत्री लेकराला टाकून पळाली.

बाबाच्या मांडीवर भिंगरीचं डोकं होतं. तो तिच्या पडलेल्या कानावरनं हात फिरवत होता. "वरीसभर शिकवली," म्हणाला. "भर बाजारात टाकून गेली? मग ही दांडीची न्हाई. माझंच चुकलं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी यशू बोलली.

"तिचं न्हाई चुकलं, बाबा. मीच दांडी सोडली."

"का गं?"

"भ्याले."

मग बाबानं तोंड माझ्याकडं वळवलं, बरोबर मी उभी होते तिकडंच. "आन आक्का कुठं व्हती?"

"धा पावलं मागं," यशू म्हणाली.

"खरं का पोरी?" बाबानं मला विचारलं.

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच. व्हय. टाइप करायला पाव सेकंद लागत नाही.

बाबानं भिंगरीच्या छातीवरचा पट्टा सोडला. म्हणाला, "दांडी सोडणारं लेकरू मी रस्त्यावर न्हाई देणार. उद्या मोटारीखाली आलं तर मी कुणाला तोंड दाखवू? तू घाबरू नको यशू, तुझं काय चुकलं न्हाई, तू बारकी हाईस. पुढल्या साली बघू. तवर हिला मेंढरावर घालतो." आणि पट्टा गुंडाळत, "मेंढरावर गेलेली परत दांडीला येती का न्हाई, ते मला बी सांगता यायचं न्हाई."

दांडी मात्र त्यानं यशूच्या हातात ठेवली. "घेऊन जा. मूठ इसरू देऊ नको."

परतीची एस्टी

खिडकीशी यशू, मांडीवर दांडी. बरीच वाट गेली. मग म्हणाली, "त्या आजीनं हातावर पैसा ठिवला व्हता ना?"

"तुला कळलं?"

"कळंल न्हाई तर काय! मी परत देणारच व्हते. मी म्हणणार व्हते, आजी, मी मागत न्हाई, मी शाळेला जाते. मनात जुळवून झालं व्हतं माझं. तेवढ्यात तू आलीस."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पण काही नव्हतं, नांगरलेली रानं.

घरी आल्यावर आई टाके बघून म्हणाली, "मी म्हणलंच होतं, कुत्र्याबित्र्याचं काय खरं न्हाई." अण्णा यशूला म्हणाले, "दांडी का सोडलीस बेटा?" रागावून नाही. पण त्यांचा आवाज पडलेला. यशू म्हणाली, "चुकलं." आणि मी तिथंच, ताटं मांडत.

दोन दिवसांनी तिची वेणी घालताना मी विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"भिंगरीला टाकून दिली असती ना त्यांनी. आन तुझं नाव घेतलं असतं तर बाबा तुला रागावले असते. मला कोण रागावतंय, मी बारकी." मग म्हणाली, "मला वाटलं तू म्हणशील, न्हाई, मी हात धरला व्हता. मी वाट बघायलेते."

माझ्या हातातली वेणी सुटली. परत पहिल्यापासून घातली.

पोखर्णी

म्हणून मी परत गेले. गयाबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की ताडकळसनंतर तळ पोखर्णीच्या बाजूला जाणार. घरी सांगितलं मैत्रिणीकडं जाते. एस्टीत सगळे नरसिंहाच्या दर्शनाला चाललेले, हातात नारळ, मीच एकटी रिकाम्या हातानं. रस्ताभर मनात घोकत होते. बाबा, मी हात धरला होता. बाबा, यशू भ्याली नव्हती. बाबा, भिंगरी दांडीचीच आहे.

गावाबाहेर विचारत विचारत ते शेत सापडलं. शेतकरी धसकटं वेचत होता.

"मेंढरंवाले? गेले की. चार दिस झाले. नदीच्या अंगानं सरकले. आता दिवाळी झाल्याबिगर न्हाई फिरायचे इकडं."

शेतात लेंड्या होत्या, तीन दगड, राख. आणि राखेपासून चार हातांवर मातीत घागरीचा गोल वळ. जिथं ताडकळसला होता, तिथंच, तेवढ्याच अंतरावर. पलीकडं घोंगडीची जागा दबलेली. मी त्या वळापाशी बसले. माझं घोकलेलं सगळं तोंडात तसंच होतं, आणि बोलून टाकलं, त्या शेतकऱ्यालाच.

"मी हात धरला होता हो."

"कुणाचा?" तो म्हणाला.

त्यानं मला ताक दिलं. ऊन लागलं असंल असं त्याला वाटलं.

आता

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेत. हॉस्टेलचं पत्र फळीवर आहे, तारखेच्या आत हो-नाही कळवायचं. माझ्यानं अजून काहीच लिहवत नाही. हो लिहिलं तर यशू घरी बसणार. नाही लिहिलं तर यशूला वाटणार तिच्यामुळं.

परवा सकाळी मी सवयीनं तिचा हात धरायला गेले, तर तिनं हात मागं घेतला आणि दांडीचं दुसरं टोक माझ्यापुढं केलं. "हात न्हाई. ही धर." तेव्हापासून आमी असेच फिरायलोय. मी पुढं, ती मागं, मधी दांडी. इथं क्लासला पण असंच आलो. नाल्याच्या फरशीपाशी मी थांबते, बोलत नाही, ती पायानं चाचपती. पहिल्या दिवशी मी तिला दोनदा ओढलं. दोन्ही वेळेस तिनं दांडी सोडून दिली आणि भर गल्लीत उभी राहिली, मी परत येऊन टोक पुढं करेपर्यंत. आज एकदाच ओढलं. "भिंगरीएवढी न्हाईस," म्हणाली, "पण येईल तुला."

दिवाळीनंतर गयाबाई घोंगड्या घेऊन येतील. मी उंबऱ्यातच गाठणार आहे त्यांना. पण तोवर भिंगरी पावसाळाभर मेंढरांमागं हिंडलेली असंल.

सर आले चहा पिऊन. घड्याळ बघायलेत. हा अंक शनिवारी निघंल, अण्णा घरी नेतील. अण्णांना छापलेलं काही दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय आहे, आई शिवता शिवता ऐकती. म्हणजे हे पण मोठ्यानंच वाचलं जाईल, यशू तिथं बसलेली असताना. मला ठाऊक आहे. ठाऊक असूनच लिहिलंय. लाल औषध आता मिळालं तरी नको.

"आक्का, झालं का?"

"एकच राहिलं."

तर तुमाला विचारायचंय, वाचणाऱ्या सगळ्यांना. तुमचं असं कधी झालंय का? तुमची चूक कुणीतरी तुमच्यापेक्षा बारक्यानं आपल्या अंगावर घेतली, आणि मग तुमी आता काहीतरी बोलाल म्हणून वाट बघत बसलं, आणि तुमी "व्हय" म्हणालात? झालं असंल तर मला सांगा, पुढं काय केलंत?